न पाडलेली दोन छिद्रं

उस्ताद, बुधवारी दुपारी फोन आला तेव्हा मी विचारलं, "कोणते पटले?"

तुमच्या गावात निम्मी घरं पटले आडनावाची. क्लबात तुम्हाला धरून दोन पटले, माझ्या ऑफिसात एक. फोनवर तुमचा पुतण्या होता. तो म्हणाला, "उस्ताद पटले. मोठे बाबा." तरी मी म्हणाले, "बरं, दे त्यांना फोन." समोर विहिरींच्या अर्जांचा गठ्ठा होता आणि मी एकेका अर्जावर शिक्का मारत होते. मी शिक्का मारला, तारीख घातली, पुढचा अर्ज ओढला, आणि मग तो काय सांगतो आहे ते मला कळलं. त्या अर्जावरचा शिक्का उलटा पडला.

सकाळी तुम्ही धानाच्या रोवणीवर होतात. दहाच्या सुमारास चिखलाचे पाय धुऊन घरी आलात आणि काकूंना म्हणालात, "थोडा पडतो, अकराले उठव." अकराला काकू उठवायला गेल्या, तुम्ही उठला नाहीत. एवढंच. हे मला आतापर्यंत चार जणांनी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तो माणूस थांबल्यावर मी पुढचं ऐकायला वाट पाहत राहिले. पुढे काही नव्हतंच.

रविवारी तर आपण भांडलो होतो. रविवारी भांडलेला माणूस बुधवारी जात नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तसा कुठे नियम नाही हे मला समजतं. पण बारा दिवस झाले, तरी मी त्या रविवारपाशीच उभी आहे.

पेपरात तुमचा फोटो आला. सेनेतून निवृत्त हवालदार, हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर, नेमबाजी क्लबाचे प्रशिक्षक, असं त्याखाली होतं. सगळं बरोबर होतं, पण त्यात तुम्ही कुठे नव्हतात. घरात तुम्ही पोवारी बोलायचात, माझ्याशी झाडीबोली, आणि बंदुकीशी हिंदी. बोल्ट अडकला की तुम्ही तिला म्हणायचात, "क्या बात है बेटी, नाराज है क्या?" मला मात्र कधी बेटी म्हणाला नाहीत. एनसीसी सोडून मला पाच वर्षं झाली, नोकरी लागली, तरी तुमच्यासाठी मी कॅडेटच.

मी क्लबात आले तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आई शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक करायची. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय असतं हे विचारायलाही कोणी नव्हतं. पहिला सव्वा महिना तुम्ही मला एकही गोळी दिली नाहीत. रिकामी रायफल खांद्याला लावायची, नळीच्या टोकाशी तुम्ही धानाचा एक दाणा ठेवायचात, आणि मी घोडा दाबायचा. दाणा पडला की पुन्हा. दाणा पडतच होता. मी एकदा चिडून विचारलं, "उस्ताद, गोळी कधी?" तुम्ही खाली वाकून दाणा शोधत म्हणालात, "दाना राह्यला की गोळी. तुले घाई कायले होऊन रायली? बंदूक कुठी पळून चालली का?"

आई क्लबाच्या विरोधात होती. मोहल्ल्यातल्या बायका तिला काहीबाही बोलायच्या. तुम्ही फुलचूरला आमच्या घरी आलात, चहा घेतलात, आणि आईला म्हणालात, "वहिनी, पोरगी बंदूक चालवते, पन घरी येऊन भांडीच घासते ना?" आई म्हणाली, "कायची घासते? हात दुखते म्हणते." तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आजपासून भांडी घासाची. मनगट पक्कं होते." आईचा विरोध त्या दिवशी संपला. भांडी मात्र माझ्या गळ्यात पडली ती कायमची.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडणार होते. का सोडणार होते ते आता सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला समजावलं नाहीत, भाषणही दिलं नाहीत. कोताला कुलूप लावलंत. कोत म्हणजे आपली हत्यारांची खोली. म्हणालात, "परीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती दाखव, मंग कोत उघडतो." मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पावती घेऊन आले. मी आज पदवीधर आहे ते त्या कुलपामुळे, आणि हे मी तुम्हाला एकदाही तोंडाने सांगितलेलं नाही. सांगायला काय झालं होतं मला?

आता त्या रायफलबद्दल.

ती आपल्या कोतातली सगळ्यात म्हातारी. सेनेत शिकाऊ जवानांसाठी बनवलेली, दिसायला जुन्या जाडजूड लढाईच्या रायफलीसारखी, पण आतून बारीक पॉइंट टू-टूच्या गोळीची. सेनेने मोडीत काढली, बऱ्याच कागदांवरून फिरत आपल्याकडे आली. मधल्या कुणीतरी तिचं पुढचं लाकूड कापून टाकलेलं, त्यामुळे नळीचा पुढचा हातभर भाग उघडा. नेम धरायची मागची खिडकी झिजलेली. कोणी तिला हात लावत नव्हतं. तुम्ही मात्र दर महिन्याला तिच्या नळीतून तेलाची चिंदी फिरवायचात.

यंदा क्लबाच्या मॅचमध्ये दुर्बिणीचा वेगळा गट ठेवायचं ठरलं, आणि सेक्रेटरी गुप्ताजींनी एक दुर्बीण आणली. ती या म्हातारीवर बसवायची, पण कुठे? मी सरळ म्हणाले, पोलादात दोन छिद्रं पाडायची, आटे पाडायचे, स्क्रू मारायचे. नागपूरला परवानाधारक दुकान आहे, ते हे काम रीतसर करतं. तुम्ही म्हणालात, "नाही."

"काऊन नाही?" मी तुमच्याच भाषेत विचारलं होतं.

"तिच्या आंगावर सरकारनं जेवढे छेद पाडले, तेवढे पुरे. त्यातच बसवू."

मला वाटलं, हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. मग एका दुपारी तुम्ही अर्धी गोष्ट सांगितलीत. तरुणपणी साहेबाच्या हुकमावरून तुम्ही अशाच एका रायफलीला ड्रिल लावलं होतं. वरचं पोलाद कडक केलेलं असतं, ड्रिल घसरलं, छिद्र वाकडं गेलं, आणि ती रायफल मोडीत काढल्याच्या कागदावर तुम्हालाच सही करावी लागली. "चांगली होती," एवढंच म्हणालात. मी विचारलं, साहेब काय म्हणाले? तुम्ही चिंदी फिरवत राहिलात. बाकीची अर्धी गोष्ट मी नंतर विचारणार होते.

मग तुम्ही पट्टी बनवायला घेतलीत. पोलादाचा बोटभर रुंद तुकडा, तिच्या मागच्या खिडकीच्या खिळीला आणि बाजूच्या एका जुन्या स्क्रूला धरून बसेल असा. लेथ नाही, मशीन नाही, फक्त कानस. पट्टीला काजळ लावायचं, रायफलीवर दाबून बसवायची, काढायची, आणि काजळ जिथे पुसलं गेलं तिथे घासायचं, कारण तिथेच ती टेकते आहे. पुन्हा काजळ, पुन्हा दाबायचं. सगळीकडे सारखं पुसलं गेलं म्हणजे पट्टी अंगाला बसली. पट्टी तुम्ही घरी घासून आणायचात आणि कोतात लावून पाहायचात. काजळाची डबी काकूंची होती. काकू एकदा फोनवर मला म्हणाल्या, "मी काजर लावलं त म्हने बुढीले शौक आला. अन् हे पूर्न डबी बंदुकीले लावून रायले."

दर वेळी पट्टी माझ्या हातात देऊन तुम्ही विचारायचात, "कॅडेट, पाय बरं, कुठी पुसलं?" मी बोट ठेवून दाखवायची. मला वाटायचं तुम्ही मला शिकवता आहात.

त्या रविवारी पट्टी बसली, तिच्यावर दुर्बीण चढली. तुम्ही बोल्ट काढलात, नळीच्या भोकातून समोरचं टार्गेट मधोमध धरलंत, रायफल तशीच ठेवून दुर्बिणीची रेघ टार्गेटच्या मध्यावर आणलीत. मग दुर्बिणीला डोळा लावून बसलात. डावा डोळा. मी म्हणाले, "उस्ताद, झालं का?" तुम्ही म्हणालात, "थांब जरा." बराच वेळ थांबलो आम्ही. गुप्ताजींनी घड्याळ पाहिलं.

रायफल पोत्यावर टेकवून मी पाच गोळ्या मारल्या. पाचही जवळजवळ, मधल्या काळ्या गोलाच्या खालच्या कडेला. पुढच्या पाच वर सरकल्या. त्यापुढच्या पाच आणखी वर. दुर्बिणीचं एकही बटण आम्ही फिरवलं नव्हतं.

मी म्हणाले, पट्टी हलते आहे.

तुम्ही पट्टीवर अंगठा फिरवलात. "पट्टी नाही. दुसरं कायतरी हाय. आनखी वीस गोळ्या चालव, समजते."

"उस्ताद, कानशीने घासलेल्या पट्टीवर दुर्बीण टिकत नसते. नागपूरला पाठवू. दोन छिद्रं, आणि काम संपलं."

"वीस चालव म्हटलं ना मी."

आणि मग मी ते बोलले. गुप्ताजी होते, नवे चार नेमबाज होते, सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "तुम्हाला आता दिसत नाही, उस्ताद. म्हणून तुम्हाला सगळं बरोबर वाटतं."

तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही स्क्रू काढले, दुर्बीण गुप्ताजींच्या हातात दिलीत, पट्टी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलीत. "पुढच्या रविवारी पाहू," म्हणालात, आणि तिरोड्याची गाडी पकडायला निघालात. मी तिथेच टेबलाशी बसून गुप्ताजींना अर्ज लिहून दिला: रायफल नागपूरला पाठवून छिद्रं पाडून घ्यावीत. शूटिंग कॅप्टन म्हणून खाली माझी सही. अक्षर फार सुंदर आलं होतं.

पुढच्या रविवारी क्लबात तुमचा फोटो होता आणि त्याला हार. मी त्या फोटोकडे पाहून "नमस्ते उस्ताद" म्हणाले, सवयीने. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निघताना गुप्ताजी हळूच म्हणाले, "बेटा, वो नागपूर वाली चिट्ठी मेरे पास पड़ी है. उनके रहते तो मैं भेजता नहीं. अब बोलो, सोमवार को भेज दूँ?"

मी म्हणाले, एक आठवडा थांबा.

अब बोलो. म्हणजे आता अडवणारं कोणी नाही. मला तर छिद्रंच पाहिजे होती. तरी त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. पट्टी खरंच हलत असेल तर छिद्रं पाडावीच लागतील, आणि त्यात तुमचा काही अपमान नाही. पण पट्टी हलत नसेल, तर तुमच्या शेवटच्या कामाबद्दल मी चार लोकांसमोर खोटं बोलले, आणि वर तुमच्या डोळ्यांवरूनही बोलले. हे कळल्याशिवाय मला राहता येत नव्हतं.

शनिवारी तुमच्या गावी गेले. काकू ओसरीत बसल्या होत्या. घरात बायकांची ये-जा होती. पट्टी मागायला तोंड उघडेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "त्या लोखंडासाठी आली ना तू? पिसवीत हाय. कोनी हात नाही लावला."

मला वाटलं होतं, सोमवारी, मंगळवारी तुम्ही ती पुन्हा घासली असेल. तुमचा स्वभाव मला माहीत. फडकं सोडलं. काजळ रविवारी होतं तसंच होतं, कडांना सारखं पुसलेलं. कानशीचा एकही नवा ओरखडा नव्हता. तीन दिवस पट्टी घरात होती आणि तुम्ही तिला शिवलाही नव्हतात.

मी विचारलं, "काकू, रविवारी ते घरी आले तेव्हा काही म्हणाले?"

"म्हने आज आठचा आकडा वाचला. मी म्हटलं, कायचा आकडा? लॉटरीचा? म्हने नाही, दुर्बिनीतून. टारगेटवरचा आठ. जेवतानी बी तेच सांगतलं." काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "दोन सालापासून उजव्या डोऱ्यात मोतीबिंदू होता त्याइले. डाव्यातबी उतरून रायला होता. कोनाले सांगू नोको म्हने. क्लबवाले मंग बंदुकीले हात लावू देनार नाही. दिवाडीनंतर कापाचा होता."

दोन वर्षं तुम्ही स्वतः गोळी चालवली नव्हती. "माह्यं झालं, आता तुमचं," म्हणायचात. आणि पट्टी माझ्या हातात देऊन, कुठी पुसलं ते पाय बरं, म्हणायचात.

"माझ्याबद्दल काही म्हणाले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुह्याबद्दल? हासून रायले होते. म्हने, कॅडेटनं पकडलं मले. सगळ्याइपासून लपवलं, तिनं पकडलं."

तुम्ही खरंच हसला होतात का, उस्ताद? की काकूंना वाईट वाटू नये म्हणून? की काकू मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या? विचारायला आता फक्त काकूच उरल्या आहेत, आणि त्या मला दुसरं काही सांगणार नाहीत.

काल रविवारी मी पट्टी बसवली. तुमच्यासारखा हात नाही, पाऊण तास गेला. बोल्ट काढून नळीतून पाहिलं, रेघ जुळवली. गुप्ताजी आणि तेच चार जण मागे उभे होते. पाच गोळ्या मारल्या, खालच्या कडेला. पुढच्या पाच वर गेल्या. त्यापुढच्या पाच आणखी वर.

मी टार्गेट हातात घेऊन उभी राहिले. म्हणजे मी बरोबर होते. उस्ताद, मी आयुष्यात कधी बरोबर ठरल्याबद्दल इतकी घाबरले नाही. गुप्ताजी म्हणाले, "चलो, साफ हो गया." एकाने दुर्बीण काढायला स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

मी म्हणाले, वीस राहिल्यात.

पुन्हा आडवी झाले. सोळावी गोळी मारली आणि बोल्ट ओढताना नजर पुढे गेली. रायफल ज्या पोत्यावर टेकवली होती ते पोतं लाकडाखाली खोल दबलं होतं, आणि समोर त्याचा फुगा वर येऊन उघड्या नळीला खालून लागला होता. धानाच्या कोंड्याचं पोतं. वाळूची पोती पावसाने भिजून दगड झाली म्हणून महिन्याभरापूर्वी मीच बाबांच्या मिलमधून कोंड्याची पोती आणली होती. कोंडा फुकट, हलका, मिलमागे डोंगर पडलेला. आमच्याकडे कोंड्याचं काय काय करतात, त्यात मी हे एक वाढवलं होतं. वाळू जागेवर बसते. कोंडा दर गोळीला दबतो आणि पुढे सरकतो. फुगा नळीला खालून ढकलत होता, जितक्या जास्त गोळ्या तितका जास्त, आणि नेम वर चढत होता.

मी पोतं लाथेने बाजूला केलं. रायफलीचा पट्टा दंडाला आवळला, तुम्ही शिकवलं तसं कोपरांवर रायफल धरली आणि दहा मारल्या. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा. रायफल तशीच ठेवली, सगळ्यांनी चहा घेतला, मी नाही. चहानंतर आणखी दहा. त्याच जागी.

मी उठले आणि म्हणाले, "त्या रविवारी मी उस्तादांना बोलले ते चूक होतं. पट्टी बरोबर होती. पोतं माझं होतं."

चौघे खाली पाहत होते. गुप्ताजी म्हणाले, "बेटा, अब किससे कह रही हो? वो तो गए."

"तुमच्यासमोर बोलले होते, म्हणून तुमच्यासमोर सांगते."

त्यांनी फाइलमधून माझा अर्ज काढून दिला. मी फाडला नाही. वरती "छिद्रं पाडू नयेत" असं लिहून सही केली आणि परत फाइलला लावला. उद्या दुसरा कोणी कॅप्टन आला तर त्याला वाचता यावं.

मग सगळे गेले आणि मी रायफल मांडीवर घेऊन कोताच्या पायरीवर बसले. पट्टी बरोबर आहे ही तुमच्यासाठी बातमी नाही. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर तुम्ही तिला पुन्हा कानस लावली नाहीत. मला फक्त येऊन सांगायचं होतं की उस्ताद, मी चुकले. आणि तुम्ही वर न पाहता म्हणायचं होतं, बरं बरं, आता नळी पूस. कोणी म्हणालं नाही.

मग मी नळी पुसली.